३८ डिग्रीचा कणा, वय ४६: आता काय काय करता येतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि तुम्ही टाकलेल्या दोन्ही फिल्मचे फोटो पण नीट बघितले. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई ४६ वर्षांच्या, राहायला कोपरखैरण्याला, नोकरी ठाण्यात बँकेत. सोळाव्या वर्षी ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा टेलरनेच आईला सांगितलं की हिचा एक खांदा खाली आहे, मग एक्स-रे झाला, ३४ डिग्रीचा स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकलेला, निघाला. डॉक्टर म्हणाले वाढ पूर्ण झालीये, लक्ष ठेवा. त्यानंतर नोकरी, लग्न, मुलगी, आणि लक्ष ठेवायचं राहूनच गेलं. आता वर्षभर कंबर दुखतेय, ट्रेनमध्ये उभं राहिलं की उजव्या मांडीच्या पुढच्या बाजूला मुंग्या येतात, बसलं की कमी होतात. जानेवारीच्या एक्स-रेत ३१ डिग्री होते, मे मधल्यात ३८, त्यामुळे घाबरून तीन ठिकाणी विचारलं. एकाने ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्याने पट्टा दिला, आणि एका व्हिडिओत २१ दिवसात कणा सरळ करून देतो म्हणतायत. शिवाय ७२ वर्षांच्या आईची कंबर पण आता एका बाजूला कललीये, आणि मुलगी ११ वर्षांची आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नौपाड्यात २४ वर्षं काम करतेय, मोठ्या माणसांचे वाकडे कणे हा त्यातला मोठा भाग. मी सर्जन नाही, ऑपरेशनबद्दल जे लिहीन ते सर्जनबरोबर काम करून आणि ऑपरेशन झालेल्या लोकांना पुन्हा चालतं करून जे कळलंय तेवढंच.

आधी त्या ३१ आणि ३८ चं बघू कारण तुमची झोप त्याने उडालीये. तुमच्या जानेवारीच्या फिल्मवर बारीक बघा, कोपऱ्यात सुपाइन लिहिलंय, म्हणजे तुम्हाला टेबलवर झोपवून काढलेली, आणि ती फक्त कंबरेची आहे. मे ची फिल्म उभं राहून, मानेपासून खुब्यापर्यंत. माणूस आडवा झाला की अंगाचं वजन कण्यावरून उतरतं आणि बाक थोडा उलगडतो, त्यामुळे झोपून काढलेल्या फिल्ममध्ये कोन नेहमी कमी दिसतो. चार महिन्यात ७ डिग्री वाढलेले नाहीत ताई. तुलना करायची तर सोळाव्या वर्षीच्या ३४ शी करा, तीही उभ्याने काढलेली असेल तरच. आता हा कोन मोजतात कसा, तर वरचा सगळ्यात तिरका मणका आणि खालचा सगळ्यात तिरका मणका घेऊन त्यांच्या कडांवरून रेषा काढतात. अमेरिकेतल्या जॉन कॉब नावाच्या ऑर्थोपेडिक सर्जननी १९४८ मध्ये ही पद्धत मांडली म्हणून त्याला कॉब अँगल म्हणतात, आणि १० डिग्री किंवा जास्त असेल तरच स्कोलिओसिस म्हणायचं. पण एकच फिल्म दोन डॉक्टरांनी मोजली तरी ३ ते ५ डिग्रीचा फरक पडतो. म्हणजे ३० वर्षांत ३४ चे ३८ झाले ही "वाढ" मोजमापाच्या चुकीतच बसू शकते! हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणून बोलत नाहीये, हे असंच आहे.

सर्वसाधारण हिशोब असा की वाढ संपली तेव्हा ३० च्या आत असलेले बाक नंतर फारसे वाढत नाहीत, ५० च्या वर गेलेले, विशेषतः छातीच्या भागातले, वर्षाला साधारण एखादी डिग्री सरकत राहतात, आणि मधले तुमच्यासारखे, त्यांच्यावर नजर ठेवायची. कंबरेचा बाक असेल तर पाळी जाण्याच्या वयानंतर जरा जास्त, कारण हाडं आणि मणक्यांमधल्या गाद्या दोन्ही तेव्हा झिजायला लागतात. तुम्ही विचारलंय की फुप्फुसावर दाब येऊन जीवाला धोका आहे का. तुमचा बाक कंबरेत आहे, छातीत नाही, आणि छातीतला असला तरी श्वासाचा खरा त्रास साधारण ८० डिग्रीच्या पुढे सुरू होतो. अमेरिकेत आयोवाला डॉ. वाइनस्टीन आणि त्यांच्या टीमने उपचार न घेतलेल्या लोकांना तब्बल ५० वर्षं फॉलो केलं, २००३ मध्ये ते छापून आलं, त्यात ही माणसं इतरांइतकीच जगली, संसार केले, कामं केली, पाठदुखी मात्र त्यांच्यात जास्त होती आणि दिसण्याबद्दलची खंत होती. ही खंत खरी असते आणि मी ती कधीच हसण्यावारी नेत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका चाळीशीपर्यंत ओढणी एका ठराविक बाजूलाच घेत आलेल्या असतात आणि हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नसतं.

आता तुम्हाला दुखतंय कुठून ते. इथे मी सुरुवातीच्या वर्षांत चुकलेय म्हणून मुद्दाम लांबण लावतेय. तेव्हा मी फिल्मवरचा आकडा बघायचे आणि आकड्यावर व्यायाम द्यायचे, सगळ्यांना तेच. एका काकूंना मी सहा महिने पाठीचे व्यायाम करायला लावले आणि त्यांचं दुखणं खुब्याच्या सांध्याचं होतं, बाक आपला शेजारी नुसता होता. त्यानंतर मी आधी माणूस तपासते मग फिल्म. मोठ्या माणसाला स्कोलिओसिस असेल तर साधारण तीन वेगळी दुखणी असतात आणि त्यांचे उपाय वेगळे. एक म्हणजे थकलेल्या स्नायूंचं, संध्याकाळी वाढणारं, बाकाच्या फुगीर बाजूला जड-जड वाटणारं. दुसरं आतल्या बाजूच्या सांध्यांचं, जिथे मणके एकमेकांवर दाबले जातात, मागे वाकलं की टोचतं. तिसरं नसेचं, जे पायात उतरतं. तुमचा बाक डावीकडे फुगलेला आहे, म्हणजे उजवी बाजू आतली, दबलेली, आणि तिथून कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळची नस बाहेर पडते ती जाते मांडीच्या पुढच्या बाजूला. तुमच्या मुंग्या बरोब्बर तिथेच आहेत. उभं राहिल्यावर वाढतात, बसल्यावर कमी होतात, कारण बसलं की कंबर जराशी पुढे वाकते आणि नसेची वाट मोकळी होते. चित्र जुळतंय, पण हे मी फोटोवरून लिहितेय, गुडघ्याचा रिफ्लेक्स आणि मांडीची ताकद कोणीतरी हाताने तपासायला हवी, आणि मुंग्या सहा-आठ आठवड्यात कमी झाल्या नाहीत तर एमआरआय करावा.

पट्टा. लहान मुलांमध्ये ब्रेस, म्हणजे कडक पट्टा, काम करतो, हे २०१३ च्या मोठ्या ट्रायलमध्ये नीट सिद्ध झालंय, कारण त्यांचं हाड वाढत असतं आणि वाढ वळवता येते. आपली वाढ संपलेली. मोठ्या माणसात पट्ट्याने कोन सरळ होत नाही, हे पट्टा देताना सांगायला हवं होतं तुम्हाला. त्याचा उपयोग एवढाच की फार दुखत असेल त्या दिवशी, लांबचा प्रवास असेल, लग्नात तीन तास उभं राहायचं असेल, तेव्हा दोन-तीन तास आधार. सकाळी बांधला तो रात्री सोडला असं वर्ष-दोन वर्षं केलं की पोटा-पाठीचे स्नायू काम सोडून देतात, मग पट्ट्याशिवाय उभंच राहवत नाही. असे पेशंट मी बघितलेत आणि त्यांना पट्ट्यातून सोडवायला चार-सहा महिने जातात. तुमचा फेकू नका, कपाटात ठेवा.

२१ दिवसात सरळ, तर नाही. कुठल्याही व्यायामाने, मालिशने, ट्रॅक्शनने किंवा उलटं टांगून मोठ्या माणसाचा हाडाचा बाक सरळ होत नाही. आधीचा-नंतरचा फोटो दाखवतात त्यात माणूस दुसऱ्या फोटोत अंग ताणून उभा असतो. कटकट आवाज काढून मणका "बसवणारे" असतात त्यांच्याकडे तर अजिबात जाऊ नका, विशेषतः आईला नेऊ नका, ठिसूळ हाडावर जोर पडला तर मणका पिचतो. मालिश करून बरं वाटत असेल तर घरच्या घरी हलक्या हाताने खुशाल करा, तेवढाच आराम.

मग व्यायाम कशाला? कारण दुखणं, दमणं, तोल आणि पुढच्या वीस वर्षांचं चालणं हे सगळं स्नायूंवर आहे आणि ते ४६ व्या वर्षीही बदलतं. इटलीत मोठ्या माणसांवर झालेली एक ट्रायल २०१६ मध्ये आली, ३५ डिग्रीच्या आतले बाक होते, त्यात स्वतःचं अंग स्वतः सावरायला शिकवलं, रोजच्या कामांमध्ये ते वापरायला शिकवलं आणि दुखण्याच्या भीतीवर पण काम केलं, तर नेहमीच्या फिजिओपेक्षा त्या लोकांचं दुखणं आणि अडचण जास्त कमी झाली. तुम्ही ३५ च्या जरा पुढे आहात, तरी दिशा तीच.

यातली जुनी आणि सगळ्यात माहितीची पद्धत श्रॉथ. कॅथरिना श्रॉथ जर्मनीत ड्रेस्डेनला १८९४ मध्ये जन्मल्या, त्यांना स्वतःला स्कोलिओसिस होता, त्यासाठी पोलादी ब्रेस घालावा लागला. पिचलेल्या रबरी चेंडूचा खळगा आतल्या हवेने परत भरून येतो हे बघून त्यांनी आरशासमोर स्वतःच्या पाठीतल्या खळग्यात श्वास भरायचा सराव केला, आणि १९२१ मध्ये माइसेनला लोकांना शिकवायला सुरुवात केली. मी ते कसं करून घेते ते सांगते म्हणजे अंदाज येईल. पेशंटला कुशीवर झोपवते, कुठल्या कुशीवर ते बाक बघून ठरतं, कंबरेखाली घडी केलेला टॉवेल किंवा अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी ठेवते म्हणजे लटकलेली कंबर वर उचलली जाते. वरचा हात लांब, पाय लांब. मग माझा तळवा पाठीतल्या बसक्या जागेवर ठेवते आणि म्हणते इथे श्वास आणा, माझा हात ढकला. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. श्वास पोटात जातो, खांद्यात जातो, तिथे जात नाही कारण त्या बरगड्यांनी वर्षानुवर्षं काम केलेलंच नसतं. चौथ्या-पाचव्या वेळेला तळव्याखाली एक बारीकशी हालचाल लागते, कागद हलावा तेवढी, आणि पेशंटला पण ती कळते, तोंडावरून कळतं मला. मग श्वास सोडताना ती जागा तशीच धरून आजूबाजूचे स्नायू घट्ट करायचे. असे पाच-सात श्वास, मग विश्रांती, मग आरशासमोर बसून तेच, मग उभं राहून, आणि शेवटी चालताना आणि ओट्याशी. शिकायला आठवड्यातून एकदा-दोनदा असे दोन-तीन महिने लागतात, नंतर घरी रोज २०-२५ मिनिटं. व्हिडिओ बघून हे करू नका, कारण बाकाची बाजू उलटी धरली तर आपण खळगाच वाढवतो, आणि आरशात डावं-उजवं भल्याभल्यांचं चुकतं.

फिजिओ निवडताना सरळ विचारा की तुम्ही स्कोलिओसिसचं वेगळं ट्रेनिंग घेतलंय का आणि मोठ्या माणसांबरोबर काम केलंय का. ट्रेनिंग नसलेला पण हाताने तपासणारा, तुमचा बाक आरशात तुम्हाला समजावून सांगणारा फिजिओ मला चालेल, नुसतं मशीन लावून वीस मिनिटांनी घरी पाठवणारा नाही.

योगासनं चालू ठेवू का विचारलंय. ठेवा. पण जोर लावून पिळे देणारी आणि एकदम मागे वाकायची आसनं सध्या बंद, भुजंगासनात तर तुमच्या मुंग्या वाढतील कारण मागे वाकलं की नसेची वाट अरुंद होते. ते एका बाजूने वसिष्ठासन (एका हातावर आडवं अंग तोलायचं) करायचं सगळीकडे फिरतंय, ते न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांच्या २०१४ च्या छोट्या अभ्यासावरून आलंय, त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे मी ते ताकदीचा एक चांगला व्यायाम म्हणून देते, कोन कमी करायला नाही. पोहणं आवडत असेल तर उत्तम. चालणं रोज, आणि एका दमात होत नसेल तर तुकडे करून, तलावपाळीला अर्धी फेरी, कट्ट्यावर दोन मिनिटं बसायचं, मग उरलेली अर्धी. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पाठ आणि पोट मजबूत ठेवलं की त्याचा फारसा त्रास होत नाही असं त्याने स्वतः सांगितलंय. वाकडा कणा घेऊन मजबूत होता येतं एवढंच त्यातून घ्या.

रोजच्या गोष्टी, यांनी व्यायामाइतकाच फरक पडतो. ओट्याशी उभं राहताना एक पाय छोट्या पाटावर ठेवा, दर पाच-सात मिनिटांनी पाय बदला, कंबर जराशी पुढे राहते आणि पोळ्या होईपर्यंत मांडी झिणझिणत नाही. बँकेत टोकन दोन गेले की एकदा उठायचं असं काहीतरी ठरवून घ्या, सलग दोन तास बसू नका. पर्स एका खांद्यावरची सोडून पाठीवरची सॅक घ्या, खाली असलेल्या खांद्यावरून पट्टा घसरतो म्हणून तुम्ही नकळत तो खांदा वर उचलून धरता, मान त्यानेच दुखते. ट्रेनमध्ये ठाणे ते कोपरखैरणे वीस-पंचवीस मिनिटं आहेत, दाराजवळच्या पार्टिशनला कुल्ले टेकवून उभ्या राहा आणि कोणी उठलं तर सरळ सांगून बसा, की पाठीचा त्रास आहे. दिसत नाही म्हणून बायका मागत नाहीत आणि घरी येईपर्यंत रडकुंडीला येतात. बुटात टाच उंच करायचं इनसोल स्वतःच्या मनाने घालू नका, आधी पायांची लांबी खरंच कमी-जास्त आहे का ते मोजायला लागतं, नाहीतर एक तिरकेपणा दाबताना दुसरा उभा राहतो.

गोळ्यांचं पटकन. साधं दुखणं असेल तर पॅरासिटामॉल, फार वाढलं तर दुखणं-सूज कमी करणाऱ्या गोळ्या थोडेच दिवस आणि डॉक्टरांना विचारून, महिनोनमहिने खाल्ल्या तर पोट, किडनी, बीपी तिन्हीवर येतं. नसेच्या मुंग्यांना प्रीगाबालिनसारखी गोळी देतात, तिने झोप येते आणि कधी पायाला सूज येते, म्हणून रात्री आणि कमी डोसने सुरू करतात. याने भागलं नाही तर नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन, ते मशीनखाली बघून देतात. त्याचा असर काही आठवडे ते काही महिने टिकतो, बाकावर त्याने काही होत नाही, पण दोन फायदे आहेत, एक म्हणजे तेवढ्या काळात व्यायाम नीट करता येतो, आणि दुसरं, इंजेक्शनने दुखणं थांबलं तर नक्की कुठली नस हे पक्कं होतं. डायबिटीस असेल तर नंतर काही दिवस साखर चढते, आधीच सांगून ठेवा.

हाडांकडे मात्र दुर्लक्ष नको. तुम्ही ४६ च्या, पाळी अनियमित झालीये म्हणताय. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम तपासून घ्या, आणि गरज वाटली तर डेक्सा स्कॅन, त्यात हाडाची घनता मोजतात. एक बारकावा आहे जो रिपोर्ट देताना पुष्कळदा सांगितला जात नाही: वाकड्या आणि झिजलेल्या कंबरेत डेक्साचा आकडा खोटाच चांगला येतो, कारण मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड पण मशीन मोजतं. म्हणून खुब्याचा आकडा बघायचा. त्यातला टी स्कोअर नावाचा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालीयेत, त्याला औषधं आहेत आणि ती घ्यायला हवीत, नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर भागत नाही.

आता ऑपरेशन. तुम्हाला ते "आत्ताच करा नाहीतर वाढेल" असं सांगितलं गेलं. तुमच्या कागदांवरून मला घाई कुठे दिसत नाही. मोठ्या माणसात ऑपरेशनचा विचार साधारण या वेळी करतात: सहा महिने ते वर्षभर मनापासून बाकीचं सगळं करूनही जगणं अडलंय, किंवा नस दबून पायाची ताकद जातेय, किंवा बाक फिल्मवर खरोखर वाढताना दिसतोय, किंवा माणूस पुढे झुकत चाललाय आणि सरळ उभंच राहता येत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, बाजूच्या बाकापेक्षा पुढचं झुकणं माणसाला जास्त लवकर लाचार करतं, म्हणून फिल्म समोरून काढतात तशी बाजूनेही उभ्याने काढायला हवी. तुमची बाजूची फिल्म दिसली नाही, ती काढा.

ऑपरेशन दोन प्रकारची. छोटं म्हणजे नसेवरचा दाब मोकळा करायचा. ऐकायला बरं वाटतं, पण बाकाच्या मध्यावरच हाड काढलं तर तिथलं बांधकाम सैल होऊन बाक वाढू शकतो, त्यामुळे कोणाला ते चालेल हे निवडून ठरवावं लागतं. मोठं म्हणजे फ्यूजन, मणक्यांत स्क्रू घालून दोन्ही बाजूंनी रॉड लावायचे, कणा जमेल तेवढा आणि तोल सांभाळून सरळ करायचा, आणि हाड टाकून ते मणके कायमचे एकत्र जुळवायचे. वाकड्या कण्याला असे रॉड लावायची सुरुवात अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. पॉल हॅरिंग्टननी केली, त्यांचे रॉड १९६०-७० च्या दशकात जगभर वापरले गेले, पण त्यात कंबरेची नैसर्गिक कमान सपाट व्हायची आणि ते पेशंट नंतर पुढे झुकायचे. आताचे स्क्रू आणि रॉड खूप पुढे गेलेत, ऑपरेशन चालू असताना नसांवर मशीनने लक्ष ठेवता येतं. तरी हे मोठं ऑपरेशनच आहे. मोठ्या माणसांवरच्या अभ्यासांमध्ये तीनातल्या एकाला तरी काही ना काही कॉम्प्लिकेशन होतं, इन्फेक्शन, हाड न जुळणं, रॉड तुटणं, फ्यूजनच्या वरचा मणका खचणं, कधी नसेला इजा, आणि काहींना पुन्हा टेबलवर जावं लागतं.

उत्तर अमेरिकेत ४० ते ८० वयाच्या, कंबरेचा स्कोलिओसिस दुखणाऱ्या लोकांचा मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दोन वर्षांनी दुखण्यात आणि हालचालीत चांगला फरक होता. ज्यांनी केलं नाही ते सरासरीने होते तिथेच राहिले, सुधारले नाहीत पण ढासळलेही नाहीत. मी याचा अर्थ असा घेते की ज्याचं आयुष्य खरंच अडलंय त्याने भिऊन टाळू नये, आणि ज्याचं निभावतंय त्याने भिऊन करू नये, थांबल्याने दोन वर्षांत संधी हातची जात नाही.

सर्जनला विचारायचे प्रश्न लिहून न्या. कुठून कुठपर्यंत मणके जोडणार? खाली पेल्विसपर्यंत, म्हणजे कंबरेखालच्या ओटीपोटाच्या हाडापर्यंत, जाणार का? कारण पेल्विसपर्यंत गेलं तर कंबर वाकत नाही, जमिनीवर मांडी घालून बसणं, पायाची नखं कापणं, खाली बसायचा संडास, स्वतःला स्वच्छ करणं, हे सगळं नव्याने शिकावं लागतं, आणि हे ऑपरेशननंतर कळलं की माणूस फार खचतो. माझ्याकडच्या एक काकू रॉड छान बसले म्हणून खूश होत्या पण गौरी-गणपतीला खाली बसता येईना म्हणून ढसाढसा रडल्या, आधी कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही अशी किती ऑपरेशनं वर्षाला करता हे पण विचारा, चांगला सर्जन याचा राग धरत नाही. मोठ्या माणसांच्या वाकड्या कण्याचं काम नियमित करणाऱ्या दोघांचं मत वेगवेगळं घ्या. तंबाखू बंद हवी, आणि त्यात मिश्री पण आली, बायका मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत आणि निकोटीनने हाड जुळत नाही. पूर्ववत कामाला लागायला सहा महिने ते वर्ष धरा. खर्च लाखांत जातो, तर विम्याचं आधी लेखी मंजूर करून घ्या, किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, ते तिथे त्यासाठीच बसलेले असतात.

तुमच्या आईंचं वेगळं आहे. लहानपणी नव्हता आणि आता कंबर कलली, म्हणजे बहुतेक झिजेचा स्कोलिओसिस, गाद्या एका बाजूने जास्त झिजतात आणि वरचा मणका त्या बाजूला कलतो. तुमचा त्यांच्याकडून आला असं नाही, हा प्रकारच निराळा. त्यांच्यासाठी क्रम बदलतो: आधी हाडांची तपासणी आणि औषध, मग तोल आणि पायांची ताकद, म्हणजे पडणार नाहीत, खुर्चीतून हात न लावता उठायचा व्यायाम दिवसातून दोन वेळा, बाथरूममध्ये धरायला दांडा, हातात काठी लाज न वाटता. चालताना पाय भरून येत असतील तर भाजीची चाकांची ट्रॉली धरून निसर्ग उद्यानात फिरवा, पुढे टेकून चाललं की नसा मोकळ्या राहतात आणि त्या जास्त चालू शकतील. एक मात्र तपासूनच घ्या. आपल्याकडे मणक्याचा टीबी कमी नाही, आणि तोही कणा वाकवतो. वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर व्यायामाच्या आधी ईएसआर-सीआरपी या रक्ततपासण्या आणि एमआरआय. आणि तुम्हाला किंवा त्यांना, कोणालाही, लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल लटकं पडायला लागलं तर त्याच दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, माझी किंवा कोणाची अपॉइंटमेंट बघत बसायचं नाही.

तुमचं म्हणाल तर मी असं करेन: उभ्याने समोरून आणि बाजूने पूर्ण कण्याची फिल्म एकदा नीट, नसेची हाताने तपासणी, हाडांची तपासणी, तीन महिने मनापासून व्यायाम, त्यानंतर मुंग्यांचं बघून इंजेक्शनचं ठरवायचं. फिल्म पुन्हा वर्षाने, त्याच सेंटरला, त्याच पद्धतीने, म्हणजे आकडा आकड्याशी जुळेल. जुनी ३४ वाली फिल्म माहेरी कुठे असेल तर शोधा, ती सोन्याच्या मोलाची आहे.

आणि मुलीला या रविवारीच बघा. तुमच्या प्रकारचा स्कोलिओसिस घरात असला की मुलांत यायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि ११ व्या वर्षी ती नेमकी उंची झपाट्याने वाढायच्या वयात आहे. पाठ उघडी, दोन्ही पाय जुळवून, गुडघे ताठ, तळहात जोडून हळूहळू पुढे वाकायला सांगा, तुम्ही मागे बसून तुमचे डोळे तिच्या पाठीच्या पातळीला आणा आणि बघा एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर दुसऱ्या बाजूपेक्षा वर आलेली दिसते का. उजेड खिडकीतून बाजूने येऊ द्या म्हणजे सावलीने फरक कळतो. सरळ दिसली तर दर चार-सहा महिन्यांनी तिची उंची थांबेपर्यंत परत बघा. फुगवटा दिसला तर घाबरवू नका तिला, पण महिना पण घालवू नका, मुलांचा स्कोलिओसिस बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे न्या, कारण तिच्या वयात ब्रेसने जे होतं ते तुमच्या-माझ्या वयात होत नाही.